नाझरसाहेबांचे नऊ तुंबे

होळीनंतरच्या तिसऱ्या सकाळी तलावावर जे काही होतं त्याची मोजदाद अशी. म्हशी सव्वीस. त्यांपैकी बावीस पलीकडे आमराईच्या काठाशी, तीन शिंगाड्याच्या वेलांत, आणि एक तलावाच्या मधोमध, लाकडी खांबाला अंग घासत. बगळे अकरा, त्यांतला एक त्या मधल्या म्हशीच्या पाठीवर. अलीकडे, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, माणसं तीन: मी, सायकलवाला सादिक आणि सेवानिवृत्त नाझर गुणवंतराव, वय पंचावन्न, उंची पाच फूट पाच इंच. गुणवंतरावांच्या कमरेला वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे, नऊ.

मधल्या म्हशीची पाठ कोरडी होती. मी सादिकला समजावून सांगितलं की म्हशीच्या पोटात चाऱ्यामुळे वायू फार होतो, म्हणून ती पाण्यात इतकी वर तरंगते. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन जनपद सभेच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो होतो, आणि अशा गोष्टी मला कोणी न विचारतासुद्धा सांगता येत.

सादिक म्हणाला, "असंन." मग तो पाण्यात उतरला.

गुणवंतराव या वयात कमरेला भोपळे बांधून का उभे होते हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ते चांद्याला तहसिलीत नाझर होते. नाझर म्हणजे कचेरीतल्या खुर्च्या, कुलपं, कंदील आणि जप्तीत आलेली भांडी सांभाळणारा माणूस. पेन्शन घेऊन ते कुरखेड्याच्या अलीकडच्या या आपल्या जन्मगावी परतले, आणि सांभाळायला कचेरी उरली नाही म्हणून घर सांभाळू लागले. मिठाच्या बरणीवर चिठ्ठी लागली. पळ्या आणि उलथन्यांना क्रमांक मिळाले. सकाळी विळी जागेवर नसली तर तिची चौकशी होई आणि चौकशीत त्यांच्या पत्नी इंदुताई हजर राहत नसत. इंदुताईंनी आपलं स्वयंपाकघर तीस वर्षं कोणाच्याही देखरेखीशिवाय चालवलं होतं. मी त्यांच्याकडे ओसरीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि जेवायलाही तिथेच होतो. एकदा वाढता वाढता त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मले सवत चालली असती. सवतीनं निदान भांडे घासले असते. या माणसाले एखादा नाद लावून द्या."

नाद लावायचे प्रयत्न झाले. पहिला पेटीचा. सादिक सायकलींबरोबर बाजाच्या पेट्याही दुरुस्त करी, भात्याला ट्यूबचा तुकडा चिकटवून. त्याच्याकडून एक जुनी पेटी आली. दीड महिन्यात गुणवंतरावांना एका भजनाची पहिली ओळ वाजवता येऊ लागली आणि ती ते रोज वाजवत. दुसरी ओळ आली असती, पण शेजाऱ्यांनी इंदुताईंना मध्ये घातलं. दुसरा नाद गुलाबाचा. तो शेळीने संपवला. तिसरा होमिओपॅथीचा. त्यांनी देवाजींच्या खोकल्यावर साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि खोकला चौथ्या आठवड्यात थांबला. देवाजींचं म्हणणं, नाझराच्या गोळ्या नसत्या तर तो पहिल्याच आठवड्यात थांबला असता.

हे देवाजी म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, दिवाणजी. मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला राहायला गेले, देवाजी मागे राहिले. सोबत मालगुजाराचा फेटा आणि बोलण्याची ढब राहिली. उंच, पाच फूट सातच्या आसपास, ताठ माणूस. मिशीला रोज तेल.

आता तलावाचं. आमच्या भागात तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. मधोमध सालाच्या लाकडाचा खांब रोवतात. तो नवरदेव आणि तलाव नवरी. आमच्या गावात त्यापुढे दरवर्षी अक्षय तृतीयेला गावच्या मानकऱ्याने पोहत जाऊन खांबाला हळदीचं उपरणं बांधायचं अशी रीत होती. डोंग्यातून जायचं नाही. नवरदेवाकडे कोणी नावेत बसून जात नाही, असं म्हणत. एरवी त्या खांबाकडे कोणी फिरकत नसे, जाळंही टाकत नसे, कारण तिथे तलाव अथांग होता. सात खाटांची दोरी उसवून जोडली तरी तळ लागायचा नाही, असं गावातलं मूलसुद्धा सांगे. मी विचारलं की कोणी जोडून पाहिली का. तर म्हणाले, मग निजायचं कशावर?

हा मान चाळीस वर्षं मालगुजाराचा होता. ते गावाच्या बाजूच्या, पायऱ्यांच्या घाटाकडून येत नसत. पलीकडच्या आमराईतून उतरत आणि तिकडून खांबापर्यंत येत. गाव इकडे पाळीवर उभं राहून पाही. देवाजी ते वर्णन नेहमी करीत. "साहेब असे पोहत का छातीपावतर आंग पाण्याबाहेर. फेटा कोरडा. मिशी कोरडी. हात तर नुसते शोभेले हालवत." हे ऐकून मी शाळेत मुलांना छाती फुगवल्यावर शरीराचं आकारमान किती वाढतं यावर एक तास शिकवला होता.

मालगुजार गेल्यावर रीत बंद पडली. नंतर लागोपाठ दोन वर्षं हस्त कोरडा गेला आणि लोकांना नवरदेवाची आठवण झाली. यंदा ग्रामपंचायतीने ठराव मांडला की तलावाचे लग्न पुन्हा सुरू करण्यात यावे. गुणवंतरावांना ठरावाची भाषा पटली नाही. लग्न एकदाच होतं. दरवर्षी होतो तो वाढदिवस. ही दुरुस्ती सुचवायला त्यांनी हात वर केला. नेमकं त्याच वेळी सरपंच विचारत होते की यंदा पोहत कोण जाईल.

टाळ्या पडल्या. हात खाली घ्यायला उशीर झाला होता.

देवाजी उठले. त्यांच्या मते हा मान मालगुजाराच्या माणसाकडे, म्हणजे त्यांच्याकडेच यायला हवा होता. पण टाळ्या पडून गेल्यावर ते एवढंच बोलले, "जाऊ द्या नाझरसाहेबाले. पण एक. आमराईची वाट मालगुजाराच्या घराण्याची. बाकीच्यायनं घाटावरून जाव. गावाले नीट दिसते बी." सगळ्यांना ते रास्त वाटलं. गुणवंतरावांनीही मान डोलावली.

त्या रात्री जेवताना त्यांनी भात तीनदा कालवला आणि एकदाही खाल्ला नाही. मग मला ओसरीवर बोलावून सांगितलं की त्यांना पोहता येत नाही. लहानपणी कोण्या भविष्यवाल्याने पाण्यापासून भय सांगितलं होतं, म्हणून आईने तलावाकडे फिरकू दिलं नाही. दहाव्या वर्षी ते शिकायला चांद्याला गेले आणि तिथे आंघोळ बादलीने होई. तलावकाठी जन्मलेल्या माणसाला पोहता येत नसेल अशी शंका गावाला कधी आली नाही आणि त्यांनी ती येऊ दिली नाही.

"सांगून टाका," मी म्हणालो.

"काय सांगू? वर केलेला हात सहज केला होता?" ते म्हणाले. "मास्तर, मी मेल्यावर बी लेकरं म्हणतीन, हा तो हात वर करणारा नाझर. आणि मान कोणाकडे जाईन? देवाजीकडे. त्याच्या खोकल्याचा निकाल तर अजून लागला नाई."

अक्षय तृतीया पावणेदोन महिन्यांवर होती. म्हणून चौथा नाद पोहण्याचा.

सादिक शिकवायला तयार झाला. तो सिरोंच्याकडचा, प्राणहितेच्या काठी वाढलेला. चालण्याआधी पोहायला शिकलो असं तो सांगे. मी त्याच्या अम्मीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की चालायला तो खरंच फार उशिरा लागला. शास्त्रीय बाजू माझ्याकडे आली. इंदुताईंच्या छपरावर भोपळ्याचे वेल होते आणि भिंतीला बियाण्यासाठी वाळवलेले नऊ तुंबे टांगलेले. मी एकेक तुंबा गंगाळात बुडवून बाहेर सांडलेलं पाणी शेराने मोजलं. स्वयंपाकघर ओलं झालं आणि इंदुताईंनी मला नाझरांच्या रांगेत बसवलं. गणिताने निघालं की माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला दोन तुंबे पुरेत. गुणवंतराव म्हणाले, नऊ आहेत तर नऊ बांधू.

जागा ठरली पाळीच्या टोकाला, तुडुमाजवळ, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दार असतं तिथे. त्या बाजूला कोणी धुणं धूत नसे. मी दगड बांधलेली दोरी सोडून खोली मोजली: अकरा फूट दोन इंच. काठालाच अकरा, तर मध्ये किती? मी तलावाचा आकार कढईसारखा धरला, कागदावर एक आकृती काढली आणि खांबापाशी पस्तीस फूट असा अंदाज सांगितला.

गुणवंतरावांनी आकृती नीट पाहिली. "बुडायले मले साडेपाच फूटच लागते," ते म्हणाले. "बाकी सारं शिल्लक."

तर अशी ती होळीनंतरची सकाळ. गुणवंतराव नऊ तुंब्यांसह पाण्यात उतरले आणि ताबडतोब उलटे झाले. माझ्या गणितात वजन होतं, पण तुंबे कुठे बांधायचे हे नव्हतं. कमरेचे तुंबे वर आले, त्यांच्याबरोबर नाझरसाहेबांची बैठक वर आली आणि डोकं खाली गेलं. काही क्षण तलावावर नऊ भोपळे आणि त्यांच्यामध्ये एक दहावा, धोतर नेसलेला, एवढंच दिसत होतं. सादिकने त्यांना सरळ केलं. खोकून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की कोणी पाहिलं का. कोणी पाहिलं नव्हतं. मधल्या म्हशीने मान वळवली होती, तेवढंच.

पुढच्या खेपेला तुंबे काखेखाली बांधले. आता ते इतके वर तरंगू लागले की हात पाण्याला पोचत ना. मग एकेक तुंबा कमी करायचं ठरलं. सात झाले, सहा झाले. पाच तुंब्यांवर त्यांनी पहिल्यांदा पाय मारले आणि पाऊणएक हात पुढे गेले, असं मी म्हणालो. सादिकच्या मते ते वाऱ्याने गेले.

सादिकचा एक नियम होता आणि तो रोज सांगितला जाई. "नाझरसाब, पाय नीचे नाई सोडायचा. खाली वेल आहे, गाळ आहे. पाय नीचे गेला का आदमी गेला. थकले तर उताणे पडा, आसमान पाहा, पण पाय वर." गुणवंतरावांनी हा नियम सरकारी परिपत्रकासारखा पाठ केला. घरी खाटेवर बसले तरी पाय वर घेऊन बसत.

गुप्तता आठवडाभर टिकली. मग एका सकाळी कडुलिंबाच्या काडीने दात घासत दोघे जण तुडुमाकडे आले. दुसऱ्या दिवशी सात आले. त्या सगळ्यांना दात घासायला तीच जागा सोयीची वाटू लागली. पाण्याकडे कोणी थेट पाहत नसे. पण गुणवंतरावांच्या तोंडात पाणी गेलं की सगळे एकदम खाकरत. देवाजी एकदाच आले, फेटा बांधून. पाण्याकडे पाहून म्हणाले, "नाझरसाहेब, भोपळे आंगावर आले वाटते यंदा."

गुणवंतराव काखेत चार तुंबे घेऊन हिरव्या पाण्यात तरंगत होते. मला वाटलं आता संपलं, आता हे बाहेर येतील आणि परत पळ्या मोजायला लागतील. ते तिथूनच म्हणाले, "हो. खोकल्याले चांगले राह्यते. एक बांधून पाहा."

दात घासणारे हसले. त्या दिवसापासून ते उघड पाहू लागले आणि सूचनाही देऊ लागले, ज्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

घरातही फरक पडला. सकाळी दमून आलेला माणूस विळीची चौकशी करत नाही. तो जेवतो आणि झोपतो. मिठाच्या बरणीवरची चिठ्ठी दमट हाताने एकदा निघाली ती परत लागली नाही. एका दुपारी त्यांनी इंदुताईंना विचारलं की पाण्याखाली डोळे उघडले तर ऊन कसं दिसतं माहीत आहे का. इंदुताई म्हणाल्या, मला कसं माहीत असणार? त्यावर ते बराच वेळ हाताने करून दाखवत राहिले. मी इंदुताईंकडे पाहिलं. त्या पोळी उलटायची विसरल्या होत्या.

दोन तुंब्यांवर गाडी अडली. चैत्र सरत आला तरी दोन सुटेनात. गुणवंतराव आता पाळीच्या कडेने साठ-सत्तर फूट सहज जात, पण तुंब्यांना हात लावू देत नसत. शास्त्रानेच दोन सांगितले होते, असं मलाच ऐकवत. दोन तुंबे घेऊन खांबाकडे गेले असते तर गावाने ते पोहणं धरलं नसतं. देवाजींनी तर नाहीच.

एका रात्री जेवताना इंदुताई सहज म्हणाल्या, "त्या दोन तुंब्यायले मी गेल्या सोमवारी दाभण मारलं."

गुणवंतरावांचा घास हातात राहिला.

"खालून. एकेकाले चार भोकं," इंदुताई म्हणाल्या. "पाच दिवसांपासून तुमी पाण्यानं भरलेले दोन लोटे बांधून पोहून राह्यले. म्हटलं सांगाव. उगाच ओझं काऊन नेता?"

गुणवंतरावांनी घास पानात ठेवला. ताक प्यायले, उठले, हात धुतले. भिंतीवरून ते दोन तुंबे काढून कंदिलाशी धरले आणि भोकं मोजली. दुसऱ्या सकाळी ते तुंबे न घेता तलावावर गेले. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी काठावर इतका वेळ घालवला की दात घासणाऱ्यांचे दात संपले. मग उतरले आणि पाळीच्या कडेने गेले तसेच परत आले. बाहेर येऊन मला म्हणाले, "चारची गरज नव्हती. एका भोकानं बी भरलं असतं."

अक्षय तृतीयेला सारं गाव पाळीवर होतं. डफ होता, सनई होती, सरपंचाच्या हातात हळदीचं उपरणं होतं. घाटाच्या पायरीपासून खांबापर्यंतचं अंतर मी शाळेच्या कोनमापकाने आधीच काढून ठेवलं होतं: दोनशे चाळीस फूट. ऊन चढलं होतं आणि म्हशींना त्या दिवशी तलावबंदी होती.

देवाजी पाळीवर नव्हते. ते पलीकडे आमराईच्या काठी उभे होते, फेटा बांधलेला, धोतराचा काचा मारलेला, खांद्यावर दुसरं एक हळदीचं उपरणं. निरोप असा की नाझरसाहेब वाटेत दमले तर रीत खंडित होऊ नये म्हणून आपण तयार आहोत. सरपंचांना ते समंजसपणाचं वाटलं.

गुणवंतरावांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं. इंदुताई पहिल्या पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. ते त्यांना म्हणाले, "येतो." रोज कचेरीला जाताना म्हणत असतील तसं.

"या. पाय वर," इंदुताई म्हणाल्या.

पहिले शंभर फूट बरे गेले. त्यांचा हात कसा पडे त्याचं वर्णन करणं अवघड आहे. पोळ्या लाटणाऱ्या माणसाला मागून कोणी हाक मारावी तसा काहीसा. पण तो पडत होता. अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि उताणे झाले. डफ थांबला. पोट वर, उपरणं वर, दोन पायांचे अंगठे वर. पाळीवरून कोणीतरी म्हणालं, गेले. सादिक म्हणाला, गेले नाई, आसमान पाहून राह्यले.

तेवढ्यात पलीकडून देवाजी उतरले.

ते दृश्य मी आजही बारकाईने सांगू शकतो. देवाजी पाण्यात छातीपर्यंत आले आणि त्याहून खाली गेलेच नाहीत. अंग ताठ, हात दोन्ही बाजूंना शोभेपुरते फिरत, मिशी कोरडी, फेटा कोरडा. पाण्यावर शिंतोडा नाही. पाय दिसत नव्हते. मालगुजारांची शैली ती हीच असणार. पाळीवर माणसं टाचा उंचावून पाहू लागली आणि मीही. मी मनात त्यांच्या छातीच्या आकारमानाचा अंदाज बांधू लागलो आणि तो काही केल्या जुळेना.

"नाझर," सादिकने पायरीवरून हाक दिली, "उलटा व्हा. देवाजीभाऊ येऊन राह्यले."

गुणवंतराव उलटे झाले. त्यांनी देवाजींना पाहिलं असावं, कारण त्यानंतरचा हात वेगळा होता. लाटणं तेच, पण पोळ्या भराभर. देवाजींचा वेग मात्र विचित्र होता. दर थोड्या अंतरावर ते एका बाजूला कलत, थबकत आणि परत ताठ होऊन निघत. खांबापासून दोघांचंही अंतर कमी होत होतं. डफवाल्याला कोणासाठी वाजवायचं ते कळेना, म्हणून त्याने दोघांसाठी वाजवलं.

खांबाला आधी लागला तो गुणवंतरावांचा हात. एका हाताने खांब धरून, गुडघे पोटाशी घेऊन, अस्वलासारखे चिकटून त्यांनी दुसऱ्या हाताने आणि दातांनी उपरण्याची गाठ मारली. पाय खाली सोडले नाहीत. देवाजी आले तेव्हा गाठ बसली होती. ते खांबाशेजारी कमरेवर हात ठेवून तरंगत राहिले, धापसुद्धा न लागता. मग दोघेही आले त्या वाटेने परत गेले.

घाटावर इंदुताईंनी टॉवेल दिला. गुणवंतरावांचे ओठ निळे झाले होते आणि ते हसत होते. गावाने त्यांना खांद्यावर घेतलं. आठ दिवस त्यांच्या नावाचा बोलबाला होता.

नंतर गावाला वेगळं सुचू लागलं. नाझर गेला हे खरं, पण पोहावं तर देवाजीने, अशी बोलणी पारावर सुरू झाली. नाझर लोळत गेला, देवाजी उभ्याने गेला. हात कमरेवर ठेवून माणूस पस्तीस फूट पाण्यावर तरंगतो म्हणजे काय? पस्तीस हा आकडा माझाच होता आणि आता सगळे तो वापरत. पुढल्या वर्षी मान देवाजींना द्यावा, असं सरपंचही म्हणू लागले. देवाजी नम्रपणे नाही म्हणत आणि मिशीला हात लावत.

मला वाटलं गुणवंतराव चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांना देवाजींचं मनापासून कौतुक वाटत होतं. "मी जवळून पाह्यलं ना, मास्तर," ते मला म्हणाले. "हात नाई, पाय नाई, उभाच्या उभा. ते शिकाव लागते. आता पाहा, गडी माझ्याच वयाचा, त्याले जमते तर मले काऊन जमू नये?" आणि रोज सकाळी तुडुमाजवळ त्यांनी उभ्याने पोहण्याचा अभ्यास सुरू केला. ते कमरेवर हात ठेवत, छाती फुगवत आणि सरळ खाली जात. सादिक त्यांना वर काढी. पुन्हा हात कमरेवर, पुन्हा खाली. सादिक म्हणाला की प्राणहितेत मगरीही असं करत नाहीत.

त्याच सुमारास भिंतीवरचे सात धड तुंबे कमी होऊन चार राहिले. मी विचारल्यावर इंदुताई म्हणाल्या, बियाणं भरायला दिले. पण पहाटे त्यांचं लुगडं दोरीवर ओलं असे, आणि सादिकची बायको अमिना हिचीही सलवार शेजारच्या दोरीवर ओली असे. मी अधिक विचारलं नाही. मला पोळ्या गरम मिळत होत्या.

सहाव्या दिवशी उभ्याने पोहताना गुणवंतराव इतका वेळ खाली राहिले की वर आल्यावर त्यांना बोलता येईना. ते काठावर पडून होते आणि मी त्यांना वारा घालत होतो. समोर म्हशी परत आल्या होत्या. सव्वीसच. एक खांबाला अंग घासत होती, पाठ कोरडी, पाठीवर बगळा. मी तिच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं. तिच्या पोटातल्या वायूबद्दल जे बोललो होतो ते सादिकला आठवत नसावं अशी मला आशा होती.

"आठवते," सादिक म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

त्या दुपारी गाव झोपलेलं असताना आम्ही मासेमारीचा एक डोंगा मागून आणला. मी बारा फुटी बांबूवर फूट आणि इंचांच्या खुणा लाल रंगाने करून घेतल्या होत्या. सादिकने डोंगा चालवला. गुणवंतराव पुढे बसले, पाय वर घेऊन, आणि बांबू त्यांनीच हातात घेतला. मोजमाप होणार तर ते नाझराच्या हातचं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक ठिकाणी ते बांबू सरळ धरत, तळाला टेकला की खूण वाचत आणि मोठ्याने सांगत. मी लिहून घेतलं.

घाटाच्या शेवटच्या पायरीपुढे: नऊ फूट आठ इंच.

अर्ध्या वाटेवर, जिथे ते उताणे पडले होते: सहा फूट पाच इंच.

खांबापाशी: तीन फूट नऊ इंच.

खांबापासून आमराईच्या काठापर्यंत, दर वीस फुटांवर घेतलेल्या मोजमापांत, सर्वांत खोल जागी: तीन फूट दहा इंच.